डायक्लोफेनॅक : गुरांच्या इंजेक्शनवरील बंदी आणि अंमलबजावणीचा प्रश्न

गुरांना दिले जाणारे एखादे इंजेक्शन बाजारातून दोन प्रकारे दूर केले जाते. विशिष्ट बॅचमध्ये दोष आढळल्यास तेवढीच बॅच परत मागवली जाते. मूळ औषधच घातक ठरल्यास मात्र केंद्र सरकार औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ अ अन्वये त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घालू शकते. भारतात दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डायक्लोफेनॅक.

गिधाडांवरील संकट

वेदना, ताप आणि सूज यांवर गुणकारी व स्वस्त असल्याने हे औषध १९९० च्या दशकात गोठ्यागोठ्यांत पोहोचले. ज्या जनावराला ते टोचले जाई, त्याला त्यापासून विशेष अपाय होत नसे. मात्र इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावल्यास औषधाचा अंश मृतदेहात शिल्लक राही. असे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचत.

पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून हा संबंध प्रथम सिद्ध झाला. डॉ. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचे हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे सर्वेक्षणांतून दिसून आले. शंभरांत एकाहूनही कमी मृत जनावरांत औषधाचे घातक प्रमाण असले, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

या ऱ्हासाची झळ माणसांनाही बसली. मृत जनावरांची विल्हेवाट लावणारी नैसर्गिक यंत्रणाच कोलमडल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा अंदाज ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात वर्तवण्यात आला आहे.

बंदी आणि पळवाट

मे २००६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकचे उत्पादन तीन महिन्यांत थांबवण्याचे निर्देश दिले. जुलै २००८ मध्ये राजपत्रातील अधिसूचनेद्वारे त्यावर कायदेशीर बंदी आली.

तथापि, माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक बाजारात कायम होते. औषध तेच आणि त्याच्या ३० मिलिलिटरच्या कुप्या गुरांच्या मात्रेला सोयीच्या, त्यामुळे त्यांचा वापर गोठ्यात होऊ लागला. २००७ ते २०१० दरम्यान अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध दुकानांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ३६ टक्के दुकानांत गुरांवरील उपचारासाठी डायक्लोफेनॅक मिळत असल्याचे आढळले.

ही पळवाट बंद करण्यासाठी जुलै २०१५ मध्ये माणसांसाठीचे हे इंजेक्शन केवळ एका मात्रेच्या वेष्टनात विकण्याचे बंधन घालण्यात आले. त्यामुळे एका गाईसाठी अनेक लहान कुप्या फोडणे भाग पडले. उत्पादकांनी या निर्णयाला दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळले.

अन्य औषधांवरही बंदी

गिधाडांना अपायकारक ठरलेल्या केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांच्या जनावरांसाठीच्या वापरावर जुलै २०२३ मध्ये बंदी आली. डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइडच्या बाबतीतही तोच निर्णय झाला. अ‍ॅसिक्लोफेनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते. म्हणजे नाव बदलले, तरी विष तेच राहते.

पर्याय कोणता?

दुखणाऱ्या जनावराला उपचाराविना ठेवावे, असा या निर्णयांचा अर्थ नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे चाचण्यांत २००६ मध्येच दिसून आले, तर टोल्फेनॅमिक आम्लाचीही पुढे सुरक्षित पर्यायांत गणना झाली. आरंभी मेलॉक्सिकॅमची किंमत डायक्लोफेनॅकपेक्षा जास्त होती, आणि पशुपालकांनी जुने औषध न सोडण्याचे ते एक कारण होते.

अधिसूचनेने कारखान्यातील उत्पादन थांबते. औषध गावातून खऱ्या अर्थाने हद्दपार होते, ते दुकानदाराने न विकल्यावर आणि पशुपालकाने न मागितल्यावर. म्हणूनच जनावराला इंजेक्शन देण्यापूर्वी कुपीवरील औषधाचे मूळ नाव वाचणे आणि उपचारानंतर लगेच दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरणे, या दोन साध्या सवयींवर या बंदीचे यश अवलंबून आहे.