चळवळीचे फोटो आणि नोंदींचे रकाने

'महाड, १९२७' एवढेच लिहिलेला फोटो कोणत्या दिवसाचा? २० मार्चच्या चवदार तळे सत्याग्रहाचा, की २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहनाचा? वाचनालयाच्या एका संग्रहात 'बाबासाहेब', दुसऱ्यात 'भीमराव आंबेडकर' असे लिहिले असेल, तर संगणकावर एका नावाने शोधणाऱ्याला दुसरे फोटो मिळतच नाहीत.

फोटोसोबतच्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. तिचे रकाने सगळीकडे सारखे असावेत म्हणून अनेक ग्रंथालये 'डब्लिन कोअर' पद्धत वापरतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ मध्ये झालेल्या बैठकीतून ती आली. शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, हक्क असे तिचे १५ मूळ रकाने आहेत. निर्माता म्हणजे फोटो काढणारा. फोटोतली माणसे 'विषय'मध्ये जातात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितात. नागपूरच्या धम्मदीक्षेची १९५६-१०-१४. तिथे स्कॅन केल्याचा दिवस टाकू नये. नेमका दिवस ठाऊक नसेल तर नुसते वर्ष पुरे.

रकाने जुळले तरी आतले शब्द जुळवावे लागतातच. प्रत्येक नावाचे एक रूप पक्के करून बाकीची त्याला जोडावीत. आम्हाला सर्वांत खटकते ती 'सभेतील महिला' ही नोंद. पुढारी नावानिशी, आणि बायका नुसत्या महिला! असे फोटो वस्तीतल्या आजींना दाखवावेत, कोण ओळखू येते ते विचारावे आणि कोणी सांगितले तेही टिपावे. स्कॅनिंग नंतरही होईल. आधी आजींकडे जावे.