तंजावरवरील वराती

मराठी राज्यव्यवहारात 'वरात' या शब्दाचा लग्नाच्या मिरवणुकीशी संबंध नसलेला आणखी एक अर्थ होता. सरकार ज्याचे देणे लागत असेल त्याला रोख रक्कम न देता एखाद्या परगण्याच्या वसुलावर चिठ्ठी लिहून देई, ती वरात. आणि ती घेऊन वसुलीसाठी येणारा तो वरातदार. अर्काटच्या नवाबाच्या दरबारात हीच रीत तनख्याच्या नावाने चाले. या व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरलेली असे : ज्या मुलखावर चिठ्ठी लिहायची तो मुलूख लिहिणाऱ्याचा असला पाहिजे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यावर अठराव्या शतकात जे संकट ओढवले, त्याच्या मुळाशी हे गृहीतच होते.

नवाब महंमद अली तंजावरला आपले मांडलिक समजत असे. तंजावरकरांना ते मान्य नव्हते. इंग्रजांच्या मध्यस्थीने १७६२ साली तह झाला. राजा प्रतापसिंहाने थकबाकीपोटी २२ लाख रुपये हप्त्यांनी द्यावेत आणि पुढे दरसाल ४ लाख पेशकश भरावी, असे ठरले. वादातला दावा एकदा हप्त्यांत बांधला गेला की तो वादातला राहत नाही, नुसता थकीत राहतो. पुढच्या सगळ्या मागण्या या एका मान्यतेवर उभ्या राहिल्या. १७७१ साली कंपनीची आणि नवाबाची फौज तंजावरच्या कोटाखाली आली, तेव्हा तुळजाजी राजाकडून थकलेल्या पेशकशीचे ८ लाख आणि शिवाय स्वारीच्या खर्चाचे साडेबत्तीस लाख कबूल करून घेण्यात आले. म्हणजे मूळ थकबाकीच्या चौपट खर्च वसुलीचाच होता, आणि तोही ऋणकोच्याच माथी. ही रक्कम उभी करण्यासाठी राजाने नागपट्टणच्या डचांकडे आणि तरंगमबाडीच्या डॅनिश लोकांकडे हात पसरले, जडजवाहीर आणि मुलूख गहाण टाकला. तरीही बाकी उरली. त्या बाकीचे निमित्त करून सप्टेंबर १७७३ मध्ये किल्ला घेण्यात आला आणि तुळजाजी सहकुटुंब कैदेत पडला.

नवाब स्वतः कर्जात बुडालेला होता. मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्याला दिलेली कर्जे १७६७ साली एकत्र करून शेकडा दहा व्याजाने बांधलेली होती, आणि त्यानंतरही नवी कर्जे चढतच होती. अशा माणसाच्या हाती कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती आली. तंजावरचा सारा मुख्यतः धान्यरूपाने वसूल होई : सरकारचा हिस्सा तो मेलवारम, कुळाचा तो कुडिवारम. नवाबाने या सरकारी हिश्श्यावर सावकारांना तनखे लिहून दिले. अजून कापणीला न आलेले पीक मद्रासच्या वखारीत कागदावर आधीच विकले गेले होते.

लंडनच्या संचालकांना हा मामला रुचला नाही. त्यांच्या हुकुमाने लॉर्ड पिगट गव्हर्नर म्हणून मद्रासला परत आला आणि ११ एप्रिल १७७६ रोजी त्याने तुळजाजीला पुन्हा गादीवर बसवले. १७६२ च्या तहात मध्यस्थी करणारा गव्हर्नर हाच. तो निःस्पृह होता असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या कारकिर्दीत त्यानेही मद्रासेत अमाप संपत्ती मिळवली होती. परंतु या वेळी तो हुकुमाला चिकटून राहिला.

राजा गादीवर येतो न येतो तोच पॉल बेनफिल्ड पुढे झाला. कंपनीचा हा कनिष्ठ नोकर. पगार वर्षाला काहीशे पौंड, पण मद्रासेतल्या उत्तम गाड्या-घोडे त्याच्या दारी. त्याचे म्हणणे असे की, तंजावरच्या महसुलावरील नवाबाच्या तनख्यांपोटी आपले १,६२,००० पौंड येणे आहे आणि तेथील रयतेला पिकाच्या तारणावर दिलेले आणखी ७२,०००, एकूण २,३४,०००. पुरावा मागताच त्याने कचेरीतल्या वह्यांकडे बोट दाखवले आणि नवाब हे सर्व कबूल करतील असे सांगितले. कबुली देणाऱ्याच्या खिशातून काही जाणार नव्हते. पैसे द्यायचे होते ते तुळजाजीने, आणि त्याने बेनफिल्डकडून एक छदामही घेतलेला नव्हता. कर्ज काढले ते त्याच्या कैदेच्या काळात, त्याच्या शत्रूने, त्याच्याच शेतांवर.

कौन्सिलने प्रथम, मे महिन्यात, हा दावा फेटाळला. मग थोड्याच दिवसांत बहुमत फिरले. नवाब बुडाला तर मद्रासेतले अनेक प्रतिष्ठित बुडणार होते. एवढे लक्षात घेतले की या मतांतराचा उलगडा होतो. तंजावरला कोणी जायचे, पिगटचा माणूस रसेल की बहुमताचा कर्नल स्टुअर्ट, यावरून भांडण विकोपाला गेले. वरवर नेमणुकीचा वाद. खरा प्रश्न तंजावरच्या कोठारांच्या किल्ल्या कोणाच्या हाती राहणार, हा होता. २४ ऑगस्ट १७७६ च्या संध्याकाळी स्टुअर्टने गव्हर्नरलाच पकडले. पिगट मे १७७७ मध्ये कैदेतच मेला. त्याला पदच्युत करणाऱ्यांपैकी चौघांना १७८० साली लंडनच्या न्यायालयाने प्रत्येकी हजार पौंड दंड केला. बेनफिल्डच्या दाव्याशी ही रक्कम ताडून पाहावी!

पुढे पार्लमेंटात बेनफिल्ड सभासद म्हणून बसला. नवाबाची कर्जे चौकशीवाचून मान्य करून दरसाल बारा लाख पगोड्यांनी फेडावीत, असे सरकारने ठरवले, तेव्हा २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने त्यावर प्रदीर्घ भाषण केले. ठराव मात्र हरला. कर्नाटक कंपनीने खालसा केल्यावर नव्या दाव्यांच्या छाननीसाठी १८०५ साली आयोग बसला. त्याच्यापुढे सुमारे तीन कोटी पौंडांचे दावे आले. खरे ठरले ते सत्तावीस लाखांहूनही कमी. छाननी झाल्यावर इतके गळून पडले, यावरून आधी छाननीवाचून जे फेडले गेले त्यात काय काय असेल याचा तर्क करता येतो.

तंजावरची मात्र सुटका झाली नव्हती. पुनःस्थापनेच्या अटींप्रमाणे इंग्रज पलटणीच्या खर्चाचे दरसाल चार लाख पगोडे राजाच्या गळ्यात पडले. १७८१ साली हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला, तरी मागणी उजाड झाली नाही. १७९९ च्या तहाने सरफोजी राजाचा कारभार कंपनीकडे गेला. गादीवरून उतरवलेला अमरसिंह मध्यार्जुन येथे पेन्शनवर राहिला आणि १८०२ मध्ये वारला. त्याच्या खासगी सावकारांचे तगादे त्याच्यामागे उरले. ते निकालात काढण्यासाठी आयोग नेमण्याचा करार कंपनीने आणि सावकारांनी केला १८२४ साली. तोवर अमरसिंहाला जाऊन बावीस वर्षे झाली होती, आणि ज्या वसुलावर हे सावकार डोळे लावून होते तो कधीच कंपनीच्या खजिन्यात जमा होऊ लागला होता.