संकल्पनाचित्र

धड्यातील संकल्पना चौकटींत मांडून त्यांचे परस्परसंबंध बाणांनी दाखवणारी आकृती. ओघतक्ता, कालरेषा आणि वेन आकृती याच कुळातल्या. ओघतक्त्यात क्रम दिसतो, कालरेषेत काळ, वेन आकृतीत साम्यभेद. संकल्पनाचित्रात मात्र नाते शब्दांत लिहावे लागते. बाणावर ‘अडवतो’, ‘त्यामुळे’, ‘चा प्रकार’ असे काही नसेल, तर ते चित्र अपुरे समजावे. वर्गातल्या फळ्यांवर बहुधा तेच गाळलेले असते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये, मुलांची विज्ञानाची समज कशी बदलते हे टिपण्यासाठी, ही पद्धत घडवली. आधी माहीत असलेल्या गोष्टीशी जोडले गेले तरच नवे ज्ञान टिकते, हे डेव्हिड ऑसुबेल यांचे मत तिच्या मुळाशी आहे.

रत्नागिरीच्या भूगोलात तिला चांगला विषय सापडतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांना टँकर का लागतो? ओघतक्ता इथे लंगडा पडतो, कारण कारणे एका रांगेत येत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री अडवतो, त्यामुळे प्रतिरोध पाऊस पडतो. तीव्र उतारामुळे काजळी, शास्त्री यांसारख्या आखूड नद्या ते पाणी लगेच खाडीत नेतात. उरलेले सच्छिद्र जांभ्यात मुरते, पण फार काळ टिकत नाही. दोन्ही बाण ‘उन्हाळी टंचाई’ या एकाच चौकटीत येतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा नेहमीचा प्रश्न. प्रश्नात चौकटी आणि रेषा छापलेल्याच असतात. मुलाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. गुण मिळतात, पण जोडणीचे काम प्रश्न काढणाऱ्यानेच उरकलेले असते.

पर्ड्यू विद्यापीठातील जेफ्री कार्पिकी व जॅनेल ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो मिटून आठवणाऱ्यांना नंतर अधिक आले. म्हणून पुस्तक मिटूनच चित्र काढायला लावावे, मग पुस्तक उघडून चुकलेले बाण दुसऱ्या शाईने दुरुस्त करवून घ्यावेत.