हातांचे शिक्षण आणि गावाची वाट
(सुरत परिसरातील ग्रामीण उद्योगशिक्षणाचा एक मागोवा)

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात उद्योगशिक्षणासारख्या विषयाला जागा मिळावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. सुताराच्या रंध्याशी किंवा विणकराच्या धोट्याशी ग्रंथालयाचे काय नाते, असा प्रश्न कोणी केल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु सुरतेतील मराठी वस्तीकडे पाहिले की हे नाते ध्यानात येते. गायकवाडी अमलापासून येथे आलेली कारकून, शिक्षक आणि रेल्वे कर्मचारी यांची मराठी कुटुंबे संख्येने मर्यादित होती. आज उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत जी मराठी आणि अहिराणी कानी पडते, ती धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून उदरनिर्वाहासाठी आलेल्यांची आहे. सुरत-अमळनेर रेल्वेने तापीचे खोरे जोडले आणि त्या वाटेने खानदेशचा तरुण सुरतेस येऊ लागला. येताना त्याच्या हाती कोणते कसब होते आणि ते गावातच त्याला का मिळू शकले नाही, हा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासाचाच भाग आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास सुरतेच्या आसपासच्या पन्नास-साठ मैलांतच या दिशेने झालेले काही महत्त्वाचे प्रयत्न आढळतात.

त्यांतील आद्य प्रयत्नाचा मान सोनगडला द्यावा लागेल. गायकवाड घराण्याच्या उदयाशी निगडित असलेले हे ठाणे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. आज ते तापी जिल्ह्यात मोडते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८५ मध्ये येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहयुक्त शाळा उघडली. रानात राहणाऱ्या मुलाला राहण्याजेवण्याची सोय केल्यावाचून शाळा शक्य नाही, हे त्यांनी ओळखले होते. अक्षरओळखीबरोबर शेती आणि सुतारकाम यांचेही शिक्षण देण्याचा विचार या शाळेमागे होता. येथून शिकून निघालेल्यांपैकी काही जण शिक्षक झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच टापूत मद्यपानाविरुद्ध जी सुधारणेची हाक उठली, तिच्यात या शिकलेल्या आदिवासी तरुणांचा वाटा होता. शिकलेला मुलगा आपल्या माणसांत परतला, तर त्याचा लाभ एका घरापुरता राहत नाही, ही गोष्ट सोनगडने दाखवून दिली.

दुसरा प्रयत्न बडोद्याचा. पण त्याचा कर्ता पुरुष सुरतेचा. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेत सुतार ज्ञातीच्या कुटुंबात झाला. रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून ते बडोदे महाविद्यालयात गेले आणि त्यांच्याच कल्पनेतून, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना झाली. रंगकाम, विणकाम, चित्रकला, यंत्रविद्या, वास्तुविद्या अशा शाखा तेथे होत्या. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचे विद्यार्थी होते, हे मराठी वाचकांस ज्ञात आहेच. तथापि गज्जरांच्या कार्यातील मराठीच्या अध्यापकास विशेष वाटणारी गोष्ट निराळी आहे. कारागिराच्या मुलास शास्त्र शिकवायचे तर ते त्याच्या भाषेत शिकवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ सिद्ध करण्याचे आणि पारिभाषिक शब्द घडविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला त्याचे फळ होय. रंगविद्येस वाहिलेले ‘रंगरहस्य’ हे नियतकालिकही त्यांनी चालविले. ज्या काळी रसायनशास्त्र आणि इंग्रजी ही एकमेकांपासून वेगळी कल्पिताही येत नव्हती, त्या काळातील हा विचार आहे.

कलाभवनाचे यश मोठे असले तरी त्याची मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. ते राजधानीत होते. तेथे शिकायचे तर मुलाला गाव सोडून बडोद्यास जावे लागे, आणि शिकून झाल्यावर त्याच्या विद्येला मागणी असे ती मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत. गावच्या रंगाऱ्याच्या कुंडापर्यंत ते रसायनशास्त्र क्वचितच पोहोचले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र विभागात विलीन झाले. ती त्याची उन्नती होती यात शंका नाही. पण कारागिराच्या मुलासाठी उघडलेले द्वार त्यामुळे काहीसे उंच झाले, असेही म्हणावे लागते.

यानंतरचा विचारप्रवाह गांधीजींचा. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन खानदेशातील फैजपूरचे, डिसेंबर १९३६ मधील. त्यापुढचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील तापीकाठच्या हरिपुऱ्यास, सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली झाले. एकाच नदीच्या खोऱ्यातील ही दोन गावे आपल्या विषयाच्या दृष्टीने परस्परांशी जोडलेली आहेत. या दोहोंच्या मध्ये, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा सिद्ध केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, ही त्याची सूत्रे हरिपुऱ्याच्या अधिवेशनाने स्वीकारली व हिंदुस्थानी तालीमी संघाच्या स्थापनेस संमती दिली. या अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी जी चित्रे काढली, त्यांत सूत कातणारी स्त्री, सुतार, शेतकरी अशी खेड्यातील कामकरी माणसेच प्रामुख्याने दिसतात. अधिवेशनाच्या मंडपावर त्यांना जागा मिळाली हे महत्त्वाचे. शाळेत त्यांना तितकी जागा मिळाली का, हा मात्र निराळा प्रश्न आहे.

ती जागा देण्याचा प्रामाणिक प्रयत्न वेडछी येथे झाला. तत्कालीन सुरत जिल्ह्याच्या वालोड तालुक्यातील हे गाव आज तापी जिल्ह्यात आहे. काकासाहेब कालेलकर व स्वामी आनंद यांच्या सहवासातून गांधीविचाराकडे वळलेले जुगतराम दवे (१८९२–१९८५) यांनी आपले सारे आयुष्य येथील आदिवासींमध्ये घालविले. खादी, शेती आणि गोपालन यांभोवती गुंफलेल्या आश्रमशाळा व उत्तर बुनियादी विद्यालये या परिसरात उभी राहिली. १९६७ मध्ये वेडछीस गांधी विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांतून शिक्षक, ग्रामसेवक आणि सहकारी संस्थांचे कार्यकर्ते निर्माण झाले. सोनगडने जे सूचित केले होते, त्याला वेडछीने परंपरेचे रूप दिले. शिक्षण गावात आले, गावाच्या भाषेत आले आणि श्रमाची लाज न बाळगता आले.

तरीही तरुण गाव सोडत राहिले, हे सत्य झाकून चालणार नाही. सूत उत्तम कातता येणे आणि त्या सुतावर घर चालणे या भिन्न गोष्टी आहेत. गिरणीच्या कापडापुढे खादीला बेताचीच बाजारपेठ होती. दुसरीकडे, ज्या बारडोलीचे नाव १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर झाले, तेथे स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाच्या तोडणीसाठी दरवर्षी खानदेशातून व डांगातून मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. ज्या भूमीत ग्रामीण उद्योगशिक्षणाचा विचार रुजला, तेथेच शेजारच्या जिल्ह्यातील तरुण केवळ कोयता घेऊन यावा, यातील विसंगती विचारी वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे नव्हे. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना सुरू झाली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा आला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी, ‘ट्रायसेम’ या नावाने परिचित झालेली योजना निघाली. शिवणकाम, सुतारकाम, पंपदुरुस्ती असे अनेक व्यवसाय तिच्यात शिकविले गेले. परंतु प्रमाणपत्र मिळाल्यावर यंत्र कोठून आणावे, कच्चा माल कोण देणार आणि तयार माल कोण घेणार, या प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळाली नाहीत. शिकलेला व्यवसाय पुष्कळांना करता आला नाही, ही टीका सर्वत्र झाली, आणि १९९९ मध्ये ती योजना दुसऱ्या मोठ्या योजनेत मिसळून गेली.

या पार्श्वभूमीवर वालोड तालुक्यातीलच आणखी एक उदाहरण बोलके आहे. मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी १५ मार्च १९५९ रोजी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था झाली. तिची गुजरातमधील शाखा १९६८ मध्ये वालोड येथे निघाली. मळलेले पीठ केंद्रातून न्यावे, घरी पापड लाटावे, वाळवून केंद्रात द्यावे आणि मजुरी घ्यावी, अशी ही साधी पद्धत आहे. पापड लाटणे शिकण्यास फार काळ लागत नाही. येथे मोलाची ठरली ती त्यामागची व्यवस्था : सामान दारात, गुणवत्तेची कसोटी ठरलेली आणि मालाला निश्चित गिऱ्हाईक. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सुमुल या सुरत जिल्हा सहकारी दूध संघाचेही असेच आहे. दुधाचे माप व स्निग्धांश पाहून मोबदला मिळू लागला, तेव्हा जनावरांचा चारा, आरोग्य, पैदास यांविषयीची माहिती पशुपालक कुटुंबे आपण होऊन विचारू लागली. म्हणजे जेथे विद्येचे मोल गावातच मिळते, तेथे विद्येस विद्यार्थी शोधावे लागत नाहीत.

सुरत शहराने हे तत्त्व कोणताही सिद्धान्त न मांडता अमलात आणले आहे. यंत्रमागाच्या खात्यात नवा मुलगा येतो तो बहुधा गावच्या किंवा नात्यातल्या माणसाच्या ओळखीने. प्रथम तो मदतनीस होतो, तुटलेला धागा जोडावयास शिकतो, पुढे त्याच्या हाती माग येतात. खाते हीच त्याची शाळा. तेथे वसतिगृह नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही; बारा-बारा तासांच्या पाळ्या मात्र आहेत. या शाळेने हजारो कुटुंबांना अन्न दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण तेथे मिळालेले कसब त्या यंत्रापाशीच राहते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून गेली. २०२० च्या टाळेबंदीतही मजुरांच्या रांगा गावाकडे निघाल्या. दोन्ही वेळा गावी पोहोचलेल्या कारागिराला आपल्या हाताचे कसब तेथे लावता येईना, कारण माग सुरतेत होता. काही काळाने बहुतेकांना पुन्हा तीच गाडी धरावी लागली. ज्या शिक्षणाने माणूस गावात निरुपयोगी ठरतो ते अपुरे आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

मग मार्ग कोणता? महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील अधिकारपद सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळेत न रमलेल्या मुलांना जोडकाम, बांधकाम, वीजकाम, शेती व पशुपालन, माती-पाण्याची तपासणी असे अनेक विषय एकत्र शिकविले. मुलांनी गावाची खरी कामे करावीत आणि त्या कामातून शास्त्र शिकावे, ही त्यांची पद्धत होती. फाटक बनविले तर ते कोणाच्या तरी अंगणात लागले पाहिजे आणि त्याचे पैसेही आले पाहिजेत. गज्जरांची मातृभाषा, वेडछीचे गाव आणि वालोडचे गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या, असे म्हणता येईल. तिन्हींपैकी एक जरी निखळली तरी शिक्षण लंगडे पडते, हाच या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

आता पुन्हा ग्रंथालयाकडे वळू. सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविल्या. सोनगडची शाळा, कलाभवन आणि ती फिरती पेटी ही एकाच दृष्टीची तीन अंगे होती. तो वारसा आपल्या संस्थेचाही आहे. शताब्दीनंतरच्या वाटचालीत आपल्या ग्रंथालयाने कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी विणकाम, वीजजोडणी, यंत्रदुरुस्ती, दुग्धव्यवसाय, ठिबक सिंचन या विषयांवरील मराठी पुस्तकांचे एक कपाट ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशाची आणि शिकाऊ उमेदवारीची माहिती मराठीत फलकावर लावावी. पाळी सुटल्यावर येणाऱ्या कामगारासाठी रात्री एक तास दार उघडे राहावे. आणि सुटीत गावी जाणाऱ्या वाचकास चार पुस्तके महिनाभरासाठी नेऊ द्यावीत. ती धुळ्या-नंदुरबारच्या एखाद्या घरात त्याच्या धाकट्या भावाच्या हाती पडतील. या कामास मोठ्या निधीची गरज नाही. कार्यकारी मंडळाच्या एका ठरावाने त्यास आरंभ होऊ शकेल.