उपवासाच्या ताटाची वंशावळ

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने स्वतःविषयीच रचली, त्याच्या उपवासाच्या ताटाचा इतिहास पाहणे हा केवळ विनोदाचा विषय नव्हे. बदलीच्या हुकमाबरोबर दिल्लीहून शिलाँगला आणि शिलाँगहून भुवनेश्वरला बिऱ्हाड हलविणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांच्या घरांत ‘आपले’ म्हणून जपलेल्या ज्या थोड्या गोष्टी उरतात, त्यांत आषाढीचे ताट अग्रभागी असते. मुलांच्या तोंडची मराठी सैल होते, शेजार बदलतो. परंतु साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू यांत बदल झालेला घरातील वडीलधाऱ्यांस खपत नाही. म्हणूनच या पदार्थांची कुळी विचारली असता जे उत्तर मिळते, ते प्रथम आम्हांस अस्वस्थ करते. वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाडा वगळले, तर या ताटातील बहुतेक जिन्नस मूळचे अमेरिका खंडातील असून, १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यानंतरच ते उर्वरित जगास ठाऊक झाले.

बटाटा हा अँडीज पर्वताचा पुत्र. पेरू आणि बोलिव्हियातील शेतकरी रात्रीच्या कडाक्यात तो गोठवीत, दिवसा उन्हात टाकून पायांनी तुडवीत व पाणी काढून ‘चुन्यो’ या नावाने वर्षानुवर्षे साठवीत. आपल्या वाळवणाचाच हा प्रकार. त्याचे मराठी नाव पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीजांकडील तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचा! उत्तरेत मात्र पूर्वीपासून अन्य कंदांस लावले जाणारे ‘आलू’ हे नाव या पाहुण्यास मिळाले. मिरची मेक्सिकोकडची, ती येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मिरी, पिंपळी व आले यांवर अवलंबून होता, आणि जुन्या मिरीवरूनच नवीचे नाव पडले. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. तो जेथे गेला तेथे लोकांनी त्याचे वाटणच केले : पश्चिम आफ्रिकेत त्याचा दाट रस्सा होतो, इंडोनेशियात ‘गाडो-गाडो’ या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थावर ते ओतले जाते. आपली दाण्याची आमटी ही यांचीच चुलत बहीण होय.

साबुदाण्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मूळचा साबुदाणा मलाया व त्याच्या पूर्वेकडील बेटांतील साबुताडाच्या गाभ्यातून निघे. आज आपल्या घरी येणारा दाणा टॅपिओका या कंदाचा असून, तो कंद ब्राझीलकडील आहे. त्याच्या कडू जातींत विष असते. तेथील मूळ रहिवासी तो किसून, ‘तिपिती’ नावाच्या विणलेल्या लांब पिशवीत पिळून व भाजून खाण्याजोगा करीत. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०–१८८५) यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती जाऊन तेथील तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोरच्या गरिबांस या कंदाने मोठा आधार दिला. युद्धामुळे पूर्वेकडील साबुदाणाही थांबला आणि सेलम परिसरात तो तयार करण्याचे कारखाने निघाले. तेव्हा ज्या खिचडीवाचून आमची एकादशी होत नाही, तिचा दाणा ब्राझीलच्या कंदाचा, मलायी नावाचा आणि तमिळ कामगारांच्या हातचा आहे.

परंतु सर्वांत विचार करावयास लावणारा आहे तो राजगिरा. मेक्सिकोतील आझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवीत आणि उत्सवाअंती त्यांचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ साली त्यांची राजधानी पडल्यावर स्पॅनिश धर्मोपदेशकांस या विधीत मूर्तिपूजा दिसली. विधी बंद पडला आणि पीकही मागे पडले. तरीही लाह्या पाकात थापून केलेली वडी तेथे टिकली. तिला ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, असे म्हणतात. आमच्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ती ठेवली, तर ओळखू येऊ नये. एका देशात ज्या धान्याचे देवत्व हिरावले गेले, त्याला दुसऱ्या देशाने ‘रामदाना’ म्हटले आणि देवाच्या दिवशी खाण्याचा मान दिला.

परदेशी वस्तूंस हा मान मिळाला कसा? आम्हांस असे वाटते की, उपवासाचा निषेध होता तो नेहमीच्या धान्यांस. नव्या कंदांची नावे त्या निषेधात असणे शक्यच नव्हते. त्या फटीतून ते आत शिरले. सर्वांनीच त्यांस दार उघडले असे नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा व टोमॅटो यांस आजही प्रवेश नाही. ओरिसात नोकरी केलेल्या वाचकांस हे ठाऊक असेलच. तेथील स्वयंपाकघराने जुनी स्मृती राखली. आमच्या स्वयंपाकघराने पाहुण्यास घरचा केला.

मग आमचे असे काय उरले? उरली ती कृती, आणि ती अल्प नव्हे. साबुदाणा धुऊन निथळावा, तळाशी जेमतेम पाणी ठेवून चार-पाच तास झाकावा. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात मध्ये पाण्याचा हबका मारावा, कोलकात्याच्या दमट हवेत मारू नये. दाणा दोन बोटांत सहज चिरडला की भिजला. दाणे मंद आचेवर भाजून, जाडसर कुटून ते कूट आधीच कालवावे, म्हणजे ते प्रत्येक दाण्याभोवती बसते व खिचडीचा गोळा होत नाही. मग तुपात जिरे तडतडू द्यावे. ब्राझीलने कंद दिला, पण त्यास ही चव दिली नाही. ती कोण्या अनामिक मराठी गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या हात बसवून दिली.

परप्रांतात वाढणारी आमची मुले शेजारच्या घरचा एखादा पदार्थ आमच्या ताटात मागतात, तेव्हा आपलेपण बुडाले म्हणून कपाळास हात लावण्याचे कारण नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून दूरचे पाहुणे पचविले आहेत. जपावयाचा आहे तो हात. जिन्नस तर येत-जात राहणारच.