कीड, नस, जंतू : रूट कॅनॉलची कुळकथा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दाढ ठणकायला लागली की घरच्या उपायांची एक ठरलेली उतरंड असे. आधी लवंग, मग रुईचा चीक, आणि तेवढ्याने भागले नाही तर रिंगणीच्या बियांची धुरी. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीतून धूर दुखऱ्या दाढेपर्यंत न्यायचा आणि तोंडातली लाळ पाण्याच्या भांड्यात पडू द्यायची. पाण्यावर बारीक पांढरे तंतू तरंगले की कीड पडली असे मानत. ते तंतू दाढेतले नसत. उष्णतेने फुटलेल्या बियांच्या पोटातले ते कोंब. युरोपात हाच प्रयोग खुरासानी ओव्याच्या बियांनी होत असे.

आज रूट कॅनॉल हा शब्द गोंदिया जिल्ह्यात गावोगावी पोचला आहे. पण दुखणे थांबले की उपचार संपला, ही धुरीच्या काळातली समजूत अजून गेलेली नाही. पहिल्या खेपेला आराम पडला की दुसऱ्या खेपेला न येणारे रुग्ण, हे दंतवैद्यांचे नेहमीचे गाऱ्हाणे. रूट कॅनॉलचा इतिहास पाहिला तर या समजुतीची चूक आपोआप कळते. माणसाने आधी किडीवर उपाय शोधला, मग नसेवर, आणि सर्वांत शेवटी जंतूंवर. पहिल्या दोन्ही वेळी दुखणे अनेकदा थांबले. रोग मात्र थांबला नाही.

दातातल्या किडीची कल्पना फार जुनी. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर तिची गोष्ट कोरलेली आहे. आपल्याकडे सुश्रुताने दातांच्या आठ रोगांत कृमिदंत मोजला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोकळ दातावरचे उपाय सांगितले आहेत : पोकळीत गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डाग द्यावा, किंवा सातवीण आणि रुईचा चीक भरावा. रुईचा तो चीक खेड्यापाड्यांत आजवर टिकला. पण तो दाहक आहे. हिरडी आणि गाल भाजून काढतो, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. दाढेतली नस त्याने मेलीच तर ठणका थांबतो आणि मेलेली नस आत कुजत राहते.

दातावर हत्यार चालवण्याचा पुरावा या लेखी नोंदींहूनही जुना आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे नऊ ते साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली छिद्रे सापडली. दाताच्या मुळाच्या नळीत हेतुपूर्वक काही घातल्याचा जुना दाखला इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटातला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या एका माणसाच्या दातात, मुळाच्या नळीत, अडीच मिलिमीटरची काशाची तार बसवलेली होती. किडीची वाट बंद करावी, हाच त्यामागचा विचार असावा असे अभ्यासक मानतात.

किडीला पहिला मोठा धक्का दिला तो पॅरिसच्या पियेर फोशार या शल्यवैद्याने. १७२८ साली त्याचा दंतवैद्यकावरचा ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपल्याला दातात कीड दिसली नाही, असे त्याने त्यात नोंदवले. दाढ उघडून पू वाहू द्यावा, काही काळ ती तशीच ठेवावी आणि मग शिशाने भरावी, ही त्याची पद्धत. दाढ उपटून न टाकता आतून मोकळी करायची, हे आजच्या उपचाराचे बीज त्यात आहे.

पुढचे शतक नसेचे. न्यूयॉर्कच्या स्पूनरने १८३६ मध्ये नस मारण्यासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरण्याची शिफारस केली. नस मरे, पण सोमल मुळाबाहेर झिरपला तर जबड्याचे हाडही मरे. तर्क रुईच्या चिकाचाच होता. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या एडविन मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून, तिला खाचा पाडून, मुळाच्या नळीत उतरेल अशी बारीक सळई बनवली. आज दंतवैद्याच्या ट्रेमध्ये रंगीत मुठीच्या ज्या बारीक फाइल दिसतात, त्यांचे मूळ त्या घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये आहे. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नमने दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. दात कोरडा राहावा एवढाच त्याचा उद्देश. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि फाइल घशात पडू नये, हे त्याचे मोल नंतर कळले.

नळी मोकळी झाली, पण ती भरायची कशाने? सोने, शिसे, लाकूड, सगळे वापरून झाले. उत्तर मलायाच्या जंगलातून आले. तिथल्या एका झाडाचा चीक वाळला की कातड्यासारखा चिवट होतो, गरम पाण्यात मऊ पडतो आणि थंड झाला की घेतलेला आकार धरून ठेवतो. मलायी लोक त्याचे चाबूक आणि हत्यारांच्या मुठी करीत. सिंगापूरला असलेल्या डॉ. विल्यम मॉन्टगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. गटापर्चा नावाचा हा पदार्थ समुद्राच्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि विजेला वाट देत नाही. त्यामुळे १८५० नंतर समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबली त्यातच गुंडाळल्या गेल्या. १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे मुंबईला आलेली केबलही त्याच चिकाच्या वेष्टनात होती. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, सेंट लुइसच्या बोमनने मुळाची नळी भरण्यासाठी गटापर्चा वापरला. शरीराला तो त्रास देत नाही, विरघळत नाही, आणि गरज पडली तर पुन्हा काढता येतो. दीडशे वर्षांनंतरही गोंदियातल्या रुग्णाच्या दाढेत जी नारिंगी-गुलाबी बारीक काडी बसवली जाते, ती गटापर्चाचीच असते.

वेदना आणि अंधार, हे दोन अडथळे अजून उरले होते. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला हॉल्स्टेडने जबड्याच्या नसेजवळ त्याची सुई दिली. कोकेनचे व्यसन लागे. म्हणून १९०५ मध्ये प्रोकेन आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेनने लिडोकेन तयार केले. दवाखान्यात आज मिळणारे सुन्न करण्याचे इंजेक्शन बहुधा हेच. अंधार दूर केला क्ष-किरणांनी. राँटगेनचा शोध १८९५ चा. काही आठवड्यांतच जर्मनीच्या वाल्कहॉफने दातांचा पहिला फोटो काढला, त्यासाठी पंचवीस मिनिटे लागली. आता सेकंदाचा अंशही पुरतो. फोटोशिवाय मुळाची लांबी, वाकडेपणा आणि टोकाजवळची पुवाची जागा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी, मध्ये आणि शेवटी फोटो मागितला तर तो वायफळ खर्च समजू नये.

आता जंतूंकडे येऊ. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये दात किडण्याची उकल केली : तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. १८९४ मध्ये सडलेल्या नसेत त्याला जंतू दिसले. इथून रूट कॅनॉलची घोडदौड व्हायला हवी होती. झाले उलटेच. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलच्या व्याख्यानात दातांतला संसर्ग शरीरभर रोग पसरवतो असे सांगितले. त्या विचाराचा पुढे इतका अतिरेक झाला की संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही लोकांचे दात उपटले गेले. तीसेक वर्षे अशीच गेली. ‘नस काढलेला दात अंगात विष सोडतो’ ही जी भीती आजही कानावर येते, ती त्या काळाची उरलेली सावली आहे. पुढच्या संशोधनात तो दावा टिकला नाही.

निकाल लागला १९६५ मध्ये. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी काही उंदीर जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवले, काही नेहमीसारखे. दोन्ही गटांच्या दाढांना नसेपर्यंत भोक पाडले. साध्या उंदरांच्या नसा सडल्या आणि मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दाढेत अन्नाचे कण अडकूनही नस जिवंत राहिली आणि जखमेवर नवा थर धरला. नस उघडी पडणे हा मूळ रोग नव्हे, जंतू हा रोग, हे त्यातून सिद्ध झाले.

आजच्या उपचाराची प्रत्येक पायरी या एका निष्कर्षावर उभी आहे. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी डेकिनने वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट आता नळ्या धुण्यासाठी वापरतात. १९६२ मध्ये जपानच्या सुनादा यांनी मुळाचे टोक विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने ओळखण्याचे यंत्र दाखवले. १९८८ मध्ये हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेतून लवचिक फाइल घडवल्या, त्या वाकड्या नळीतही मुळाच्या वळणाने जातात. धानाची कोठी भरण्याआधी ती झाडतात, वाळवतात आणि मग तोंड लिंपून बंद करतात. रूट कॅनॉलचा क्रमही तोच आहे, आणि एकही पायरी गाळली तर आत नासाडी होते.

हे ज्ञान आपल्याकडे दंत महाविद्यालयांतून आले. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्यासाठी अवघड दाढेचा शेवटचा आधार बहुधा नागपूरच असतो. रेल्वेने ते सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या रुग्णाला आधी गोंदिया गाठायचे म्हटले तरी रोजी बुडते. रोवणी आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर खेप चुकतेच. म्हणून सुरुवात करतानाच विचारावे : किती खेपा लागतील, एकाच बैठकीत होण्यासारखे आहे का, एकूण खर्च किती आणि त्यात कॅप धरली आहे का? दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हेच काम कमी शुल्कात होते, हेही लक्षात असू द्यावे.

काही गोष्टी प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हव्यात. थंड-गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहणे, रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढणे, हिरडीवर पुवाची पुळी येणे, या नस बिघडल्याच्या खुणा. ठणका आपोआप थांबला तर दाढ बरी झाली असे नाही. बहुतेक वेळा नस मेलेली असते. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारे अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. गोळ्यांनी सूज उतरते, मुळातले घर तसेच राहते. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चार नळ्या असतात, खालच्या दाढेत बहुधा तीन. एखादी राहून गेली तर त्रास परततो. उपचारानंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्‌महिने राहू नये, ते झिजते आणि जंतू पुन्हा शिरतात. आतून पोकळ झालेली दाढ चावण्याच्या जोराने चिरते, म्हणून दाढेला बहुधा कॅप लागते. मूळ उभे चिरले असेल किंवा दाताचा फारच थोडा भाग उरला असेल तर दात काढणे हाच योग्य उपाय. दात काढल्याने नजर जात नाही. डोळ्याने पाहण्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. मधुमेह, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी.

या भागातला सर्वांत मोठा अडसर मात्र सुपारी-तंबाखूचा खर्रा आहे. सुपारीच्या कणांनी दाढा झिजतात आणि तडकतात. खर्ऱ्याने गालाची आतली कातडी कडक होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. तोंडात दोन बोटेही मावत नसतील तर मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरांची फाइल पोचत नाही, आणि वाचण्यासारखी दाढ काढावी लागते. तोंड कमी उघडू लागले असेल तर दाढेच्या आधी खर्रा सुटला पाहिजे. कारण ती कर्करोगाच्या वाटेवरचीही खूण आहे.

दाढेसोबत गाल किंवा हनुवटीखाली सूज आली, ताप चढला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर संसर्ग मानेकडे उतरतो आहे असे समजावे. तेव्हा दवाखान्याची वेळ पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी घरच्या उपायात गेलेली रात्र जिवावर बेतू शकते.

बाकी सर्वांना सांगणे एवढेच : ठणका थांबला त्या दिवशी रूट कॅनॉल अर्धेच झालेले असते. उरलेल्या खेपा पूर्ण करा, दाढेवर कॅप बसवून घ्या, आणि पुढच्या सहा महिन्यांत एकदा फोटो काढून मुळाशी हाड भरून येते आहे ना, याची खात्री करा.