शिरस्त्राणावरील चिन्हे आणि त्यांची साक्ष
१९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील छत्रीधारी सैनिकांच्या शिरस्त्राणांवर पत्त्यांतील चिन्हे रंगविलेली असत. चौकट ही ५०१ व्या, बदाम ५०२ व्या, तर इस्पिक ५०६ व्या रेजिमेंटची खूण होय. चिन्हालगतची आखूड रेघ बटालियन दर्शवी: घड्याळातील तीनच्या जागी पहिली, सहाच्या जागी दुसरी, नऊच्या जागी तिसरी. अर्थात् रेघेची जागा चुकली की सैनिकाची तुकडीच बदलते. म्हणून शिरस्त्राणाचा पुनरुद्धार करताना जुन्या रंगाचा अवशेष आढळेल तेथेच चिन्ह पूर्ववत् करणे युक्त ठरते. अवशेष नसता केवळ संकेतानुसार काढलेले चिन्ह कितीही बिनचूक असो, त्या विशिष्ट शिरस्त्राणाविषयी ते निराधार साक्ष देते. आणि पुढील संशोधकास तिची पारख करणे दुष्कर होते.